न उघडलेला डबा

आमच्या गलोंड्याकडच्या वारली, कोकणा बायका डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन कोसभर चालतात. त्यांना दोन घास जास्त मिळावेत असेच कोणालाही वाटेल. कॉलेजात मात्र आईने भरून दिलेला डबा न उघडता परत नेणाऱ्या मैत्रिणी मी पाहते. विचारले की ठरलेले उत्तर : “भूकच नाही गं!”

याला नखरे म्हणून हसणे सोपे आहे. फिजी बेटांवर भरदार बांधा हेच सौंदर्य मानीत. १९९५ साली तिथल्या एका भागात टेलिव्हिजन आला. तीनच वर्षांनी ॲन बेकर यांनी पाहणी केलेल्या शाळकरी मुलींपैकी ११ टक्के मुली बारीक होण्यासाठी मुद्दाम ओकाऱ्या काढत होत्या. त्या सगळ्याच का नखरेल झाल्या?

आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. तरीही स्थळ येते ते ‘सडपातळ मुलगी हवी’ म्हणत! वजनकाट्यावर तोलायला मुलगी म्हणजे काय बाजारातला माल आहे?

मित्रहो, हा आजार आहे आणि त्याला उपचारही आहेत. न उघडलेला डबा दिसला तर थट्टा करू नका. शेजारी बसा, आपुलकीने विचारा, डॉक्टरांकडे सोबत जा.