टिंबांची रांगोळी

आमच्या ऑफिसातल्या एका मित्राचं ठाम मत आहे की ज्यांना वर्डमध्ये अनुक्रमणिका सरळ करता येत नाही ते लोक मुळात आळशी. चहाच्या टपरीवर या विषयावर आमचं अर्धा तास भांडण झालं. मला हे अजिबात पटत नाही. दोष माणसांचा नाही, स्क्रीनचा आहे.

बघा ना. टायपरायटरवर 'म' असो की टिंब, गाडा तेवढाच सरकायचा. टिंबं मोजून मारली की पानांचे आकडे एकाखाली एक यायचे. आमच्या आधीच्या पिढीने टायपिंग क्लासात हेच शिकलं आणि ते बरोबरच होतं. काँप्युटरच्या फॉन्टात मात्र प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी. 'प्रस्तावना' आणि 'निष्कर्ष' यांच्यापुढे किती टिंबं मारली म्हणजे आकडे जुळतील, हे ब्रह्मदेवालाही मोजता यायचं नाही. एका ओळीत अर्ध्या टिंबाचा फरक राहतोच राहतो. त्यात कृतिदेवसारखा जुना फॉन्ट असला तर आणखी मजा, तिथे टिंबाची कळ दाबली की अर्धा 'ण' उमटतो :)

आता खरी गोम. हाताने मारलेली टिंबं आणि टॅबने आपोआप आलेली टिंबं स्क्रीनवर हुबेहूब सारखी दिसतात. जे दिसतं तेच छापलं जाईल, हे वचन १९७४ साली झेरॉक्स पार्कच्या ब्राव्हो या प्रोग्रामने दिलं. त्याच्या कर्त्यांपैकी चार्ल्स सिमोनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेला आणि वर्ड त्याच्या देखरेखीखाली तयार झाला. वचन पाळलं, नाही असं नाही. पण कागदावर काय दिसेल ते दाखवताना, ते तसं *का* दिसतंय हे झाकलं गेलं. मग सामान्य माणसाने ओळखायचं कसं?

माझ्या मावसबहिणीचा प्रबंध दोन दिवसांनी जमा करायचा होता. गाईडनी दुसऱ्या प्रकरणात दोन परिच्छेद वाढवायला सांगितले आणि पुढची सगळी पानं सरकली. रात्री साडेअकराला फोन, "दादा, आकडे परत हलले रे!" चाळीस ओळींची अनुक्रमणिका तिने तीनदा हाताने केली होती. याला आळस म्हणायचं? उलट गाढवमेहनत आहे ही. तीन वर्षं संशोधन करणाऱ्या मुलीची शेवटची रात्र टिंबं मोजण्यात जावी, याचा मला खरंच राग येतो.

असो. दुरुस्ती दहा मिनिटांची आहे, म्हणून सांगून टाकतो. आधी कंट्रोल-शिफ्ट-८ दाबा. स्पेसच्या जागी बारीक ठिपके आणि टॅबच्या जागी बाण दिसू लागतील, रोग लगेच कळतो. सगळ्या शीर्षकांना हेडिंग १, हेडिंग २ या स्टाइल्स द्या. मग रेफरन्सेसमध्ये जाऊन कस्टम टेबल ऑफ कंटेंट्स घाला. आकडे तरीही वाकडे आले तर त्याच खिडकीत फॉरमॅट 'फ्रॉम टेंप्लेट' ठेवून मॉडिफाय दाबा, टीओसी १ उघडा, फॉरमॅटमधून टॅब्स. जुने टॅब पुसा आणि एकच नवा द्या: अलाइनमेंट राइट, लीडर टिंबांचा. टीओसी २ आणि ३ लाही तेच.

टॅब कुठे द्यायचा, तर मजकुराच्या उजव्या कडेला. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद. डावीकडे बाइंडिंगसाठी दीड इंच, उजवीकडे एक इंच सोडला तर उरतात १४.६५ सेंटिमीटर. अमेरिकन टेंप्लेट उतरवून घेतलेलं असेल तर त्यात टॅब बहुधा साडेसहा इंचांवर, म्हणजे १६.५१ वर असतो, कारण त्यांचा लेटर कागद साडेआठ इंच रुंद. म्हणून आपले आकडे समासात घुसतात. यात बिचाऱ्या विद्यार्थ्याचा काय गुन्हा?

लांबलचक शीर्षकं आकड्याला जाऊन भिडत असतील तर त्याच स्टाइलमध्ये उजवा इंडेंट एक-दीड सेंटिमीटर द्या, टॅब आहे तिथेच राहू दे. शीर्षक आधीच खालच्या ओळीवर वळतं आणि आकडा कडेला एकटा राहतो.

लाटेकवाले मित्र आता हसत असतील. तिथे एक आज्ञा लिहिली की अनुक्रमणिका तयार. पण तीही दोनदा चालवावी लागते, पहिल्या फेरीत पानांचे आकडे फाइलीत लिहिले जातात आणि दुसऱ्या फेरीत वाचले जातात. आणि इतिहासाच्या विद्यार्थिनीला रात्री साडेअकराला लाटेक शिकवणारा माणूस मला अजून भेटायचाय.

बहिणीचा प्रबंध एव्हाना बांधूनही झाला. मित्राशी भांडण मात्र चालू आहे. त्याचं म्हणणं, एफ-९ दाबून 'अपडेट एंटायर टेबल' करायला कोणी अडवलं होतं? अरे बाबा, हाताने लिहिलेल्या अनुक्रमणिकेवर एफ-९ दाबलं तर काहीच होत नाही, आणि का होत नाही हेही वर्ड सांगत नाही!