लॉट नापास कोणी ठरवायचा?

बुलढाणा जिल्ह्याच्या जालन्याकडील कडेला, देऊळगावराजा आणि सिंदखेडराजा तालुक्यांत, संकरित भाजीपाल्याचे बीजोत्पादन शेडनेटमध्ये घेण्याची पद्धत चांगली रुजली आहे. लोणार तालुक्याच्या सोयाबीन-कपाशीच्या शिवारातही ती पोहोचली आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको स्थापन केली आणि त्या शहराभोवती बियाणे उद्योग वाढला. हा त्याचाच विस्तार. कंपनी नर व मादी वाणांचे मूळ बियाणे देते. मादी फुलातले पुंकेसर चिमट्याने काढून हाताने पराग लावण्याचे काम, ज्याला शेतात सगळे ‘क्रॉसिंग’च म्हणतात, बहुतेक बायाच करतात. तयार बियाणे ठरलेल्या किलोदराने कंपनीकडे जाते. वाण अनेकदा परदेशी कंपनीच्या मालकीचा असतो, बियाणेही पुढे देशाबाहेर जाऊ शकते. शेतकऱ्याचा व्यवहार मात्र बहुधा मधल्या ऑर्गनायझरशी होतो.

या शेतीवरचा पहिला आक्षेप असा की, करार केला म्हणजे जमीन गेली. २०२० च्या केंद्रीय करार शेती कायद्याविरुद्ध हीच भीती सर्वांत मोठ्याने बोलली गेली. ती भीती समजण्यासारखी आहे, पण नेम चुकलेली आहे. त्या कायद्याच्या १५ व्या कलमाने शेतकऱ्याच्या जमिनीवरून वसुली करण्यास स्पष्ट मनाई केली होती. शिवाय बीजोत्पादन करणाऱ्या कंपनीला जमीन नकोच असते. दहा-वीस गुंठ्यांच्या शेडनेटमध्ये घरची माणसे राबतात, फूल न फूल तपासतात. ते काम मजूर लावून शेकडो एकरांवर त्याच निगुतीने होत नाही. महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा २०१५-१६ च्या कृषी गणनेत १.३४ हेक्टर होती. लहान शेतकरी येथे कंपनीची अडचण नसून गरज आहे.

दुसरा पक्ष उलट टोकाचा आहे. भाव आधीच ठरला, मग बाजाराची जोखीम कंपनीची, असे करार शेतीचे समर्थक सांगतात. हे म्हणणे अधिक फसवे आहे. किलोचा भाव ठरलेला असतो हे खरे. पण तो पैसा मिळतो उगवण आणि आनुवंशिक शुद्धता तपासल्यानंतर. तपासणी कंपनीची, नमुना कंपनीने काढलेला, निकालही तीच सांगणार. कायद्याने टोमॅटोच्या बियाण्याची किमान उगवण ७० टक्के आणि मिरचीची ६० टक्के ठरवली आहे. कंपनीची अट याहून बरीच वर असू शकते. लॉट नापास झाला तर ते बियाणे दुसऱ्या कोणाला विकता येत नाही, कारण वाण कंपनीचा. नापास कपाशीची सरकी निदान तेलासाठी जाते. टोमॅटोच्या बियांना तेवढाही आधार नाही. भावाची जोखीम गेली, तिच्या जागी निकालाची जोखीम आली, आणि ती पूर्णपणे शेतकऱ्याच्या अंगावर.

सीमेपलीकडच्या बाजारात हेच घडते, हे नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांनी २०१० मध्ये अनुभवले. क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडल्याचे कारण देऊन युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडले. निकष तिकडे लावला गेला, तोटा इकडच्या बागेत उतरला.

तिसरा युक्तिवाद कंपन्यांचा: शुद्धता तपासायला पीक लावून पाहावे लागते, म्हणून पैसे महिनोन्महिने थांबणारच. यातला निम्मा भागच खरा. टोमॅटो व मिरचीची उगवण चाचणी १४ दिवसांत पूर्ण होते. शुद्धतेसाठी लावणीची चाचणी, म्हणजे जीओटी, वेळ खाते. परंतु डीएनए मार्करची तपासणी काही दिवसांत होते आणि बियाणे उद्योग ती वापरतो. उशीर शास्त्रामुळे जेवढा होतो, त्याहून अधिक तो कंपनीला सोयीचा असतो म्हणून होतो.

२०२० च्या कायद्यात याचे उत्तर अर्धवट का होईना होते. बीजोत्पादनाच्या करारात माल देतानाच किमान दोन-तृतीयांश रक्कम द्यायची, उरलेली प्रमाणीकरणानंतर, पण माल दिल्यापासून ३० दिवसांच्या आत, अशी त्यात तरतूद होती. तिसऱ्या पक्षाकडून तपासणीची अटही करारात घालता येत होती. मात्र ती ऐच्छिक ठेवली गेली, आणि दिवाणी न्यायालयाचे दार बंद केले गेले. दार बंद करणाऱ्या तरतुदीला झालेला विरोध योग्यच होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदा रद्द झाला तेव्हा मात्र बीजोत्पादकाच्या कामाची ही दोन-तृतीयांशाची तरतूदही त्याच्याबरोबर गेली, आणि तिच्यासाठी कोणी हळहळल्याचे ऐकिवात नाही.

नवी यंत्रणा शोधण्याचीही गरज नाही. १९६६ च्या बियाणे कायद्यात निरीक्षक विक्रीच्या बियाण्याचा नमुना घेतो तेव्हा त्याचे तीन भाग करतो: एक ज्याच्याकडून घेतला त्याला, एक विश्लेषकाला, एक राखून ठेवलेला. वाद झाला तर राखलेला भाग कामी येतो. बियाणे विकणाऱ्या कंपनीला हे संरक्षण आहे. तेच बियाणे पिकवणाऱ्या शेतकऱ्याला नाही. बीजोत्पादनाच्या प्रत्येक करारात हीच पद्धत सक्तीची करावी: शेतावर, दोन्ही बाजूंसमोर, सील केलेले तीन नमुने. शासनाच्या बीज परीक्षण प्रयोगशाळा पुणे, नागपूर आणि परभणीत आहेत. परभणी लोणारपासून फार लांब नाही. एकट्या दहा गुंठेवाल्याला प्रयोगशाळेचा हेलपाटा आणि कंपनीचा रोष दोन्ही झेपणार नाहीत. म्हणून नमुना आणि करार दोन्ही गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या नावाने असावेत. तसे झाले तर तक्रार करणाऱ्याला पुढच्या हंगामात मूळ बियाणे नाकारून एकटे पाडणे बियाणे कंपनीला सोपे राहणार नाही.