‘एकट्याने’ या शब्दाचे काय करायचे?

शिडाच्या नौकेतून एकट्याने केलेल्या सागरप्रवासांचे वाङ्मय इंग्रजी आणि फ्रेंच भाषांत विपुल आहे. आपल्याकडे ते साहसकथांच्या कप्प्यात ढकलले जाते. शाळकरी वयात वाचावे आणि मग विसरावे, अशा कप्प्यात. साहित्याच्या अभ्यासकांनी ते गंभीरपणे वाचले पाहिजे असे आमचे मत आहे. त्याचे कारण साहस हे नाही. व्यक्ती आणि समूह, लेखक आणि परंपरा, एकांत आणि साक्ष यांविषयी आपण वर्गात जी चर्चा करतो, तिची इतकी कठोर परीक्षा अन्यत्र क्वचितच होते. या वाङ्मयाचा सारा भार ‘एकट्याने’ या एका क्रियाविशेषणावर असतो. त्या शब्दाचा अर्थ नेमका काय लावायचा, एवढाच आमचा प्रश्न आहे.

उत्तराची सुरुवात पाण्याखालून करावी लागेल.

शिडाची नौका वाऱ्याच्या दिशेनेच वाहत जाते, ही समजूत अपुरी आहे. शिडावर पडणारा वाऱ्याचा जोर नौकेला पुढे नेतो, तसाच तो तिला आडवी ढकलतो आणि कलंडवू पाहतो. या दोन्हींना विरोध करतो तो नौकेच्या तळाशी असलेला कणा. त्याला कील म्हणतात. कील पाण्यात उभ्या धरलेल्या पंखासारखी काम करते, आणि तिच्यातील शिशाचे किंवा लोखंडाचे वजन नौकेला पुन्हा सरळ उभे करते. मात्र जिथे पंख तिथे त्याचे टोक आले. कीलच्या एका बाजूला दाब अधिक, दुसऱ्या बाजूला कमी. त्यामुळे खालच्या टोकाशी पाणी एका बाजूकडून दुसरीकडे वळते, भोवरे उठतात आणि शक्ती वाया जाते. टोकाला दोन आडवे पंख जोडले की ही गळती कमी होते, वजनही अगदी खाली ठेवता येते आणि नौकेला फार खोल पाणी लागत नाही. ही झाली पंखांची कील.

किनाऱ्यालगत, उथळ बंदरांतून हिंडणाऱ्या छोट्या नौकांवर अशी कील पुढे बरीच रुळली. एकट्या नाविकाला तिचा मोह पडावा हे स्वाभाविक आहे, कारण उथळ खाडीत शिरता येते. पण तिची किंमतही त्यालाच मोजावी लागते. साधी, पात्यासारखी कील चिखलात रुतली तर नौका एका अंगाला कलती केली की तळ उचलला जातो आणि ती सुटू शकते. पंखांच्या कीलच्या बाबतीत हा उपाय उलटतो. नौका कलली की एका बाजूचा पंख आणखी खोल जातो. मग भरतीची वाट पाहायची, किंवा नांगर दूर टाकून त्याच्या दोरावर नौका ओढून काढायची. चार माणसे असतील तर ही तासाभराची कटकट आहे. माणूस एकच असेल तर ओहोटी किती उरली, वारा कुठे फिरेल, नांगर कुठे टाकायचा, थांबायचे की झटायचे, हे सारे एकाच डोक्याला आणि दोन हातांना ठरवायचे असते.

या कीलची कथा साहित्याच्या विद्यार्थ्याने ऐकण्यासारखी आहे. 1983 साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंडच्या न्यूपोर्ट बंदरात ‘ऑस्ट्रेलिया-2’ या नौकेने अमेरिका चषक जिंकला आणि न्यूयॉर्क यॉट क्लबची 132 वर्षांची मक्तेदारी संपवली. नौका पाण्याबाहेर काढली की तिचा तळ पडद्याआड झाकून ठेवला जाई. त्या पडद्यामागे पंखांची कील होती. विजयानंतर बेन लेक्सन हे तिचे एकमेव जनक म्हणून जगभर गाजले. नौकेचा रचनाकार त्याच देशाचा असला पाहिजे असा स्पर्धेचा नियम होता. कीलच्या चाचण्या मात्र हॉलंडमधील वाखेनिंगेन येथील संस्थेच्या पाण्याच्या टाकीत झाल्या होत्या. लेक्सन 1988 साली वारले. पुढे पीटर व्हान ओसानेन आणि योप स्लोफ या डच तंत्रज्ञांनी या कल्पनेत आपला मोठा वाटा असल्याचा दावा मांडला. ऑस्ट्रेलियन संघातील मंडळींनी तो फेटाळला. हा वाद आम्ही येथे सोडवणार नाही. आम्हाला लक्षणीय वाटते ते एवढेच, की एका वस्तूला एकच कर्ता हवा असा हट्ट आधी नियमाने धरला आणि नंतर कीर्तीने. साहित्याच्या इतिहासातही आपण याहून वेगळे काय करत आलो आहोत?

याच न्यूपोर्टला 27 जून 1898 रोजी जोशुआ स्लोकम आपली ‘स्प्रे’ घेऊन परतला होता. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला नाविक. 1895 च्या एप्रिलमध्ये त्याने बोस्टन सोडले होते. कुजत पडलेली जुनी नौका त्याने स्वतःच्या हातांनी नव्याने बांधली, तिच्या सामानाचा खर्च सेंटांपर्यंत लिहून ठेवला : 553 डॉलर 62 सेंट. 1900 साली आलेले त्याचे पुस्तक या वाङ्मयप्रकाराचा मूळ ग्रंथ मानले जाते. त्यात एक प्रसंग आहे. अझोर्स बेटे सोडल्यावर आलुबुखार आणि चीज खाऊन स्लोकम आजारी पडतो, केबिनमध्ये ग्लानीत पडून राहतो. बाहेर पाहतो तो सुकाणूवर एक उंच परका माणूस उभा. तो सांगतो, आपण कोलंबसच्या ‘पिंटा’ जहाजावरचे सुकाणूधारी. सकाळी स्लोकमला नौका आपल्या मार्गावरच आढळते, रात्रभरात नव्वद मैल कापलेली. सुकाणू बांधून ठेवले तरी ‘स्प्रे’ दीर्घकाळ सरळ जात असे, हे या चमत्काराचे साधे स्पष्टीकरण आहे. पण पहिला एकटा नाविक आपल्या एकटेपणाची कथा सांगताना चारशे वर्षांपूर्वीच्या एका सहकाऱ्याला नौकेवर घेतो, ही गोष्ट विसरता येण्याजोगी नाही. नौकाबांधणीची आणि दर्यावर्दीपणाची सारी परंपरा त्या उंच माणसाच्या रूपाने सुकाणूवर येऊन उभी राहिली, असे आम्हाला वाटते.

पुढचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पहिल्यांदा पूर्ण केली ती रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी. 14 जून 1968 रोजी फालमथ बंदर सोडून 22 एप्रिल 1969 रोजी ते तेथेच परतले. त्यांची 32 फुटी ‘सुहैली’ मुंबईत, कुलाब्याला बांधली गेली होती. तिच्या सागवानाला आकार देणारे सुतार येथले, त्यांची हत्यारे परंपरेने चालत आलेली. नॉक्स-जॉन्स्टन यांच्या पुस्तकाचे नाव ‘अ वर्ल्ड ऑफ माय ओन’, म्हणजे माझे स्वतःचे जग! त्या ‘स्वतःच्या’ जगाच्या फळ्या कुलाब्यात जोडल्या गेल्या, हे शीर्षकात कसे यावे?

या बाबतीत भारतीय नौदलाच्या ‘सागर परिक्रमा’ उपक्रमाचा वृत्तान्त अधिक मोकळा आहे. कल्पना वाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांची. ‘म्हादेई’ ही 56 फुटी नौका गोव्यात, दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. तिचा आराखडा डच. आणि तिच्यातून मुंबईहून 19 ऑगस्ट 2009 रोजी निघून 2010 च्या मे महिन्यात परतणारे दिलीप दोंदे हे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. दोंदे यांच्या पुस्तकात नौका बांधण्याच्या काळालाही भरपूर जागा आहे. साहसाची वाट पाहणाऱ्या वाचकाला ती पाने रेंगाळल्यासारखी वाटतील. आमच्या मते ती पुस्तकाची कील आहेत.

आतापर्यंतचे विवेचन वाचून एखादा चतुर विद्यार्थी म्हणेल, की मग ‘एकट्याने’ हा शब्दच खोटा आहे. व्यक्ती म्हणजे केवळ परंपरा, श्रम आणि संकेत यांची बेरीज. रोलाँ बार्त यांचा लेखकाच्या मृत्यूची घोषणा करणारा निबंध फ्रेंचमध्ये 1968 साली प्रसिद्ध झाला, म्हणजे ‘सुहैली’ समुद्रावर होती त्याच वर्षी. आपल्या वर्गांतून त्या निबंधाचा सारांश इतक्या वेळा सांगितला गेला आहे, की लेखकाला नाहीसे करणे ही आता समीक्षेची सवय झाली आहे. आमचा आक्षेप येथे आहे. एकट्या वीराची पूजा जितकी आंधळी, तितकीच ही सवयही.

त्याच 1968 च्या शर्यतीत डोनाल्ड क्राउहर्स्ट हा इंग्रज गृहस्थ होता. त्याची ‘टिनमथ इलेक्ट्रॉन’ ही तीन कायांची नौका अर्धवट तयारीत 31 ऑक्टोबरला निघाली. दक्षिण महासागरात तिचा टिकाव लागणार नाही हे त्याला लवकरच कळून चुकले. माघारी फिरावे तर कर्जाचा आणि नाचक्कीचा फास होता. मग तो अटलांटिकमध्येच घोटाळत राहिला आणि तारायंत्रावरून खोटी प्रगती कळवत राहिला. कुठे होतो याची खरी नोंद एकीकडे, जगाला सांगायची कल्पित नोंद दुसरीकडे. तो मागून वेगाने येतो आहे या समजुतीने नायजेल टेटली यांनी आपल्या आधीच खिळखिळ्या झालेल्या नौकेला ताण दिला आणि ती बुडाली, टेटली वाचले. क्राउहर्स्टच्या वहीतील अखेरची नोंद 1 जुलै 1969 ची आहे. 10 जुलैला त्याची नौका रिकामी सापडली. नॉक्स-जॉन्स्टन यांनी बक्षिसाचे 5000 पौंड त्याच्या कुटुंबाला देऊन टाकले.

क्राउहर्स्टच्या पाठीशी पैसा पुरवणारे, प्रसिद्धी करणारे, नौका बांधणारे, सारे होते. समूहाची वाण नव्हती. समूह जिथे पोहोचू शकत नाही अशी एक जागा मात्र होती : नोंदवही. आज दुपारी मी या अक्षांशावर आहे, हे वाक्य लिहिताना शेजारी साक्षीदार नसतो. ते खरे लिहायचे की खोटे, हा निर्णय कुठलीही परंपरा त्याच्या वतीने घेऊ शकत नाही. तो त्याचाच होता, आणि तो चुकला, हे म्हणता आले नाही तर टेटलींच्या बुडालेल्या नौकेबद्दल आपण काय बोलणार?

म्हणून आम्ही ‘एकट्याने’ या शब्दाचा अर्थ असा लावतो : श्रमात कोणी एकटा नसतो, निर्णयात आणि नोंदीत असतो. एक बाजू पाण्याखालची, दुसरी पाण्यावरची. त्यांपैकी एकच पाहणारी समीक्षा अर्धी नौका पाहते.

अभिलाष टॉमी यांचे उदाहरण दोन्ही बाजू एकत्र दाखवते. मुंबईहून निघून मुंबईलाच परतणारी, न थांबता केलेली प्रदक्षिणा त्यांनी 2012-13 मध्ये पुरी केली होती. 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत ते ‘तुरीया’तून उतरले, ही ‘सुहैली’ची प्रतिकृती गोव्यातच बांधलेली. (या शर्यतीला लांब, अखंड कीलच्या जुन्या घडणीच्या नौकाच चालतात, पंखांच्या कीलला तेथे प्रवेश नाही.) सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात डोलकाठी मोडली, पाठीला गंभीर दुखापत झाली, तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाच्या माणसांनी त्यांना सोडवले. 2022 च्या शर्यतीत ते पुन्हा उतरले आणि किर्स्टेन नॉयशेफर यांच्या मागोमाग दुसरे आले. परक्या माणसांच्या हातांनी ते वाचले; पुन्हा उतरायचे हे मात्र त्यांनाच ठरवावे लागले.

हे सारे मराठीच्या वर्गात कशासाठी, असे कोणी विचारील. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या सोपानदेवांनी टिपून ठेवल्या नसत्या आणि अत्र्यांनी पुढाकार घेतला नसता, तर 1952 चा तो संग्रह निघाला नसता. तरीही त्या ओव्यांतला शब्द बहिणाबाईंचाच आहे. तो ‘लोकपरंपरेचा आविष्कार’ म्हणून समूहाच्या खात्यावर जमा करणे हा अन्याय आहे, आणि टिपून घेणारे हात विसरणे हाही. आपली समीक्षा यांपैकी एक अन्याय टाळताना दुसरा करते, असा आमचा अनुभव आहे.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. आत्मचरित्राच्या अभ्यासपत्रिकेत एखादे एकट्याच्या सागरप्रवासाचे पुस्तक नेमावे, आणि विद्यार्थ्यांना दोनच प्रश्न विचारावेत : ही नौका कोणी बांधली, आणि ही नोंद खरी असल्याची हमी कोणी दिली? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात नावांची यादी लांबत जावी. दुसऱ्याच्या उत्तरात एकच नाव उरावे. मग हेच दोन प्रश्न घेऊन त्यांनी मराठीतील कोणत्याही आत्मचरित्राकडे वळावे.