तबकडीवरचा टेरिअर: शोक की कुतूहल?

१/ मलकापुरासारख्या गावात जुन्या घराचा माळा आवरताना ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ची तबकडी निघाली, की तिच्यावरच्या कुत्र्याची कथाही निघते: मृत धन्याच्या शवपेटीवर बसून तो त्याचाच आवाज ऐकतो आहे. बालगंधर्वांच्या पदांपासून गीतरामायणापर्यंत मराठी घरांनी हे चित्र पाहिले. कथा मात्र तपासली नाही.

२/ कुत्र्याचे नाव निपर. जन्म १८८४, ब्रिस्टल, इंग्लंड. संमिश्र रक्ताचा टेरिअर. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पोटऱ्यांना चावे घेई, म्हणून हे नाव पडले.

३/ ‘टेरिअर’च्या मुळाशी लॅटिन ‘टेरा’, अर्थात भूमी. बिळातले कोल्हे हुसकावण्यासाठी आणि उंदीर मारण्यासाठी ब्रिटनमध्ये ही कुळी जोपासली गेली. लहान बांधा, हट्टी स्वभाव, आणि बिळातल्या न दिसणाऱ्या सावजाची चाहूल घेणे हे पिढीजात काम.

४/ आता सनावळी पाहू. निपरचा धनी मार्क बॅरॉड १८८७ मध्ये वारला. कुत्रा त्याचा चित्रकार भाऊ फ्रान्सिस याच्याकडे आला आणि १८९५ मध्ये मेला. चित्र त्यानंतरचे, म्हणजे आठवणीतून साकारलेले.

५/ मूळ चित्रात तबकडी नव्हतीच. नळकांड्यावर चालणारा फोनोग्राफ होता. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्रासाठी ५० आणि त्याच्या हक्कांसाठी ५० पौंड मोजले. अट एकच, फोनोग्राफच्या जागी कंपनीचे यंत्र रंगवावे.

६/ येथे कथा कोसळते. फोनोग्राफवर घरच्या घरी आवाज नोंदवता येई. ग्रामोफोनवर तो केवळ ऐकता येई. शिवाय मार्क गेला तेव्हा फोनोग्राफही घरोघरी पोहोचला नव्हता. धन्याचा आवाज यंत्रातून नव्हे, जाहिरातीतून आला. चित्रातला चकचकीत पृष्ठभाग शवपेटी ठरला, तोही कथेच्या सोयीने.

७/ रायगडावरील वाघ्याच्या पुतळ्यावरून महाराष्ट्रात वाद पेटतो, तेव्हाही कळीचा प्रश्न हाच असतो: समकालीन पुरावा कोणता? स्वामिनिष्ठेची कथा माणसाला सुखावते, कारण तिच्यात धनी मोठा होतो. पण प्रिय असणे म्हणजे खरे असणे नव्हे.

८/ कथा गेल्याने निपर लहान होत नाही. कर्ण्याचे तोंड टेरिअरला बिळाच्या तोंडासारखेच: आत काहीतरी आहे, पण दिसत नाही. ती कलती मान शोकाची नव्हे, शोधाची आहे. इतिहास वाचणाऱ्याने त्या कुत्र्याकडून घ्यावे ते हेच.