पिशवी काढण्याआधी एवढे विचारा

भगिनींनो, अमरावतीच्या डफरीनमध्ये किंवा अकोल्याच्या लेडी हार्डिंगमध्ये तपासणी झाली आणि अहवालात ‘सीआयएन’ असा शब्द आला, की घरात रडारड सुरू होते. कोणी म्हणते कर्करोग झाला, कोणी म्हणते पिशवीच काढून टाका, कटकट मिटेल. आमचे सांगणे एवढेच, की दोन्ही घाईची बोलणी आहेत.

सीआयएन म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी बदलू लागल्या आहेत. पहिल्या पायरीचा बदल पुष्कळदा आपोआप जातो. त्यावर लक्ष ठेवतात. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर उपचार लागतात. ते टाळले, तर काही जणींना पुढे, बहुधा बऱ्याच वर्षांनी, कर्करोग होतो. म्हणजे अल्लाहने वेळ दिला आहे, तो दवडू नये.

डाग लहान असून पूर्ण दिसत असेल, तर तो गोठवून किंवा तापवून नष्ट करतात. यात टाके नाहीत. काही वेळा ‘लीप’ करतात. जागा बधिर करून विजेने तापलेल्या तारेच्या फासाने खराब भाग काढतात. काही मिनिटांचे काम असते आणि बाई बहुधा त्याच दिवशी घरी येते. रक्त डागून किंवा औषधाचा लेप लावून थांबवतात. टाका सहसा लागत नाही.

डाग आत खोल गेला असेल किंवा आत कर्करोग लपल्याची शंका असेल, तर भूल देऊन शंकूसारखा तुकडा कापतात. पूर्वी कडा आत ओढून जखम झाकणारे टाके सर्रास घालत. पण झाकलेल्या जागी उरलेला रोग पुढे दिसणे अवघड होते, तोंडही अरुंद होऊ शकते. म्हणून आता बरेच डॉक्टर रक्त थांबवण्यापुरते बाजूला टाके घालतात किंवा नुसते डागतात. धागा विरघळणारा असतो, काढायला जावे लागत नाही.

मूल हवे असेल तर आधीच सांगा. खोल तुकडा काढल्यास पुढे अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका थोडा वाढतो. गरोदरपणी गर्भाशयाचे तोंड सैल पडले तर आवळून धरणारा टाकाही आहे. गोव्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी तो १९५५ मध्ये मांडला आणि जगभर तो त्यांच्याच नावाने ओळखतात. प्रत्येकीला तो लागत नाही.

मग पिशवी का नको? आत कर्करोग लपलेला असेल आणि तो न तपासता साधी शस्त्रक्रिया झाली, तर पुढचा उपचार अवघड होतो. शिवाय पिशवी काढल्यावरही तपासण्या सुटत नाहीत. म्हणून आधी तुकड्याचा अहवाल मागा आणि विचारा, ‘लहान उपचाराने भागेल का?’ बाई डॉक्टर हवी असेल तर तसे मोकळेपणी सांगा.

घरी आल्यावर काही आठवडे पाण्यासारखा किंवा काळपट स्राव जातो. साधारण चार आठवडे पती-पत्नीने संबंध टाळावा, जड घागर उचलू नये. घरच्या पुरुषांनी हे समजून घ्यावे. पाळीपेक्षा जास्त रक्त, दुर्गंधी किंवा ताप आला तर लगेच दवाखाना गाठावा. हे रक्त जखमेचे आहे की पाळीचे, हे डॉक्टरांना विचारून घ्या आणि नमाज-रोजाचा मसला आलिमांना तसे सांगून विचारा.

धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखावर स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदाच एचपीव्ही चाचणी आणि गरजेप्रमाणे उपचार झालेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्याने घटले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या वऱ्हाडातल्या बायांनाही हे साधेल. तिशी उलटली की तपासून घ्या. उपचार झाला असेल तर वर्षाच्या आत पुन्हा दाखवा, आणि बरे वाटते म्हणून पुढच्या फेऱ्या चुकवू नका.