भीतीचे भाषांतर

कसालच्या तिठ्यावर मालवणचा रस्ता महामार्गास मिळतो. देवचाराच्या गजाली ऐकत वाढलेल्या तेथील चित्ररसिकाला भय म्हणजे काय, हे मुंबईच्या निर्मात्याने शिकवावे लागत नाही. जुन्या भयपटाची नवी आवृत्ती म्हटली की तो नाक मुरडतो आणि बहुधा ते रास्तच असते. हिचकॉक यांच्या १९६० च्या कृष्णधवल 'सायको'ची १९९८ साली रंगीत नक्कल निघाली. दृश्यामागून दृश्य जवळजवळ तेच, थरकाप मात्र हरवलेला.

'लपाछपी'ची गोष्ट निराळी. २०१७ चा हा मराठी चित्रपट दिग्दर्शक विशाल फुरिया यांनी स्वतःच २०२१ साली 'छोरी' या नावाने हिंदीत आणला. तोच उसाचा फड, तीच गरोदर स्त्री, मुलगी नको म्हणणारे तेच घर. प्रेक्षक वाढला, हे मान्यच. परंतु उषा नाईक यांची तुळसाबाई ज्या गावरान मराठीत पाहुणीची मायेने विचारपूस करते, ती भाषा आपल्याच माजघरातली आहे. अमानुष रूढी त्या भाषेत बोलू लागली की तिला परप्रांतात ढकलता येत नाही. 'छोरी' पाहताना मराठी प्रेक्षकाला ती सवलत मिळते. 'लपाछपी'त ती नव्हती.