भावाची वही : गाव वेगळे, दर वेगळा



कांद्याचा भाव एक नसतो, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगावे लागत नाही. एकाच दिवशी नेप्तीला एक, घोडेगावला दुसरा, राहात्याला तिसरा. आता आपली मुले-मुली कॉम्प्युटरचा कोर्स करतात आणि सराव म्हणून बाजाराचा हिशेब मांडायला घेतात, तेव्हा वस्तूच्या नावापुढे 'दर' असा एकच रकाना काढतात. गाडे तिथेच अडते. काहीजण मग प्रत्येक बाजाराला एकेक रकाना पाडतात. उद्या नवा उपबाजार सुरू झाला की सगळे रजिस्टर पुन्हा आखा! आम्हा कारकुनांच्या भाषेत ही खतावणी नव्हे, भिंतीवरचा खडूचा हिशेब होय.

रीत सोपी आहे. एक तक्ता वस्तूंचा : क्रमांक, नाव, जात, परिमाण. दुसरा ठिकाणांचा : क्रमांक, बाजार, तालुका, जिल्हा. तिसरा दरांचा. त्यात वस्तूचा क्रमांक, ठिकाणाचा क्रमांक, तारीख आणि दर. या तिघांची जोडी (वस्तू, ठिकाण, तारीख) पुन्हा येऊ द्यायची नाही, म्हणजे एकाच मालाचे दोन भाव शिरत नाहीत. 1970 साली आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी तक्त्याला तक्ता जोडण्याची जी पद्धत मांडली, तिचाच हा घरगुती उपयोग.

क्रमांक कशाला, नाव पुरे की, असे कुणी म्हणेल. तर कर्जत आपल्या जिल्ह्यात आहे आणि रायगडमध्येही आहे. शिवाय 2024 साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. ज्यांनी नावावरच हिशेब बांधला, त्यांना हजारो ओळी दुरुस्त करणे आले. क्रमांकावर बांधला असेल तर ठिकाणांच्या तक्त्यात तेवढे नाव बदलायचे, दरांच्या तक्त्याला हातही लावायचा नाही.

जुना दर मात्र खोडू नये. रेशनचेच पाहा. अन्नसुरक्षा कायद्याखाली तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये किलो होता. 1 जानेवारी 2023 पासून धान्य मोफत झाले. जुन्या ओळीत तीनाच्या जागी शून्य लिहिले, तर 2022 ची पावती खोटी ठरेल. म्हणून 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' असे दोन रकाने ठेवून नवी ओळ लिहावी. आणि हे शून्य खरे शून्य आहे. लिलाव बंद होता त्या दिवशी बाजारभावाचा रकाना रिकामा ठेवायचा, शून्य भरायचे नाही. नाहीतर महिन्याची सरासरी काढताना कांदा फुकट विकला गेल्याचे दिसेल.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लिलावाचा दर एका आकड्यात मावत नाही. 2000 साली सुरू झालेल्या ॲगमार्कनेटवर कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात, सोबत आवक. मुलांनीही तेच करावे. जास्तीत जास्त दर एखाद्या वक्कलाला मिळतो, आणि बातमी त्याचीच होते. पंधरा-वीस गोण्या घेऊन जाणाऱ्याने सर्वसाधारण दर पाहावा, आणि कमीत कमीकडेही नजर ठेवावी. 14 एप्रिल 2016 रोजी (तारीख आपल्या लक्षात राहीलच) ई-नाम सुरू झाले, तेव्हापासून त्याला जोडलेल्या दूरच्या बाजारांचे भावही घरबसल्या पाहता येतात.

पण चढा भाव दिसला की टेम्पो तिकडे वळवायचा का? समजा, पन्नास किलोच्या वीस गोण्या आहेत, म्हणजे दहा क्विंटल. लांबच्या बाजारात क्विंटलला शंभर रुपये जादा, म्हणजे हजार रुपये सुटले. जादा भाडे बाराशे असेल तर घरातून दोनशे गेले, आणि दिवस मोडला तो वेगळाच. हे पडताळायला भाड्याचा चौथा तक्ता लागतो : कुठून, कुठवर, कोणत्या तारखेपासून, किती.